डावीकडचा पोर्ट

११ ऑक्टोबर

खांबावरची न्यूट्रलची तार तुटली आणि गल्लीत घरोघरी दुप्पट वीज घुसली! सकाळपासून माझ्या टेबलावर लॅपटॉप-कॉम्प्युटरच्या मशीनचा ढीग. दवाखान्याचं, शिंप्याचं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं. सगळ्यांचं एकच पालुपद — "काही नाही हो, जरा पोर्ट चालत नाहीये." जरा! झाकण उघडलं की जळका भपकारा.

आमच्या लेकीचा लॅपटॉपही त्यातच गेला. आता बोला — दुरुस्तीवालीच्याच घरात! २४ तारखेला तिची परीक्षा आहे, त्या दूरच्या शहरातल्या ट्रेनिंगसाठी. खोलीवर नजर ठेवणारा कॅमेरा बाहेरून जोडावा लागतो, त्याशिवाय परीक्षा सुरूच होत नाही. नोंदणी याच मशीनवर झालीय, दुसरं चालायचं नाही. उजवीकडचा पोर्ट कायमचा गेला, खालची तांब्याची रेघच उखडलीय. आता सगळी भिस्त डावीकडच्यावर.

लेक म्हणते, "आई, आधी लोकांची कर. माझं राहू दे." गुणाची पोर!

१३ ऑक्टोबर

डावीकडचा झाला! फ्यूज उडाला होता, पोर्टचं प्लास्टिक वितळून आतल्या पट्टीला चिकटलेलं. जुना उपटला, नवा बसवला, कॅमेरा लावला — पडद्यावर माझंच घामट तोंड. कधी नव्हे ते आवडलं.

हे शाळेची बस लावून आले, कॅमेरा चालू बघितला आणि डोळे पुसायला लागले. "म्हणजे पोरगी खरंच जाणार." यांचं काय, साबणाच्या जाहिरातीलाही रडतात! जाणार नाही तर काय, आयुष्यभर माझ्याशेजारी बसून जळके बोर्ड हुंगणार?

१६ ऑक्टोबर

डावीकडचा पुन्हा मेला. माझ्या हातचं काम आणि परत आलं! कुणाला सांगायची सोय नाही.

१७ ऑक्टोबर

उघडला. चमत्कारिकच आहे. वीज बाहेरून घुसली की आधी फ्यूज उडतो. इथे फ्यूज ठणठणीत, फक्त डेटाच्या दोन वाटा मेलेल्या. त्यांच्या राखणीला तिळाएवढी चिप असते, ती ठार. पार्टच खराब असेल म्हणून पुरवठादाराला फोनवर फैलावर घेतलं. तो बिचारा "ताई, ताई" करत राहिला. चिप बदलली. चालू.

लेकीला हाक मारली, "बघ, झाला!" ती "बरं" म्हणाली. नुसतं बरं! परीक्षेचं दडपण आलंय. जेवणही धड नाही.

१९ ऑक्टोबर

पुन्हा!!

या वेळी भिंग लावून पाहिला. पोर्टच्या पत्र्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. असा ठिपका मी ओळखते. एका गिऱ्हाइकाच्या नातवाने खेळता खेळता गॅसचं लायटर पोर्टला लावून टकटक ठिणग्या पाडल्या होत्या, त्याच्याही पोर्टवर हाच होता. हा तारेतून आलेल्या विजेचा झटका नाही. कुणीतरी मुद्दाम केलंय.

घरात माणसं तीन. मी नाही. लायटर कुणाच्या हातात असतं? स्वयंपाक कुणाकडे आहे? आणि पोरगी जाणार म्हणून आठवडाभर कोण मुळूमुळू रडतंय?

तरी मन मानेना.

२० ऑक्टोबर

विचारलं. मागचापुढचा विचार न करता, सरळ.

हे भाजी परतत होते. "अहो, लायटर पोर्टला तुम्ही लावलंत ना?" पळी तशीच थांबली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकीच्या खोलीकडे. मग खाली बघून म्हणाले, "हो. मीच."

माझा तोल सुटला. मी नाही नाही ते बोलले. तिच्या वाटेत काटे पेरता? बाप आहात की वैरी? मला काय तिला घालवून द्यायची हौस आलीय? ती गेल्यावर घर मलाही खायला उठणार आहे! मी काळजावर दगड ठेवतेच ना? लेक दारात येऊन उभी राहिली. पांढरीफटक. "आई, अगं..." म्हणाली, तर हेच म्हणाले, "तू आत जा, बाळा." तिलाही केवढा धक्का! बापाने असं करावं!

पोर्ट बदलला. सोल्डरचा एक टाका दोनदा घालावा लागला.

२१ ऑक्टोबर

अबोला. मुकाट्याने चहा ठेवून जातात. लायटर मी माझ्या खणात टाकलंय, खणाला कुलूप नाही पण समजतं माणसाला. आता गॅस काडेपेटीने पेटवतात, बोट भाजून घेतलं. मलम देऊ का, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

पोर्ट चालू आहे. तीनदा तपासला.

२२ ऑक्टोबर

हे पहाटे शाळेच्या मुलांची सहल घेऊन गेले, दोन दिवसांनी येतील. पायात बूट घालता घालता म्हणाले, "मला काय बोलायचं ते बोल. तिला मात्र ओरडू नकोस." मी तिला कशाला ओरडू? ह्यांचं काहीतरीच!

रागाच्या भरात डबा द्यायचा राहिला. चुटपुट लागलीय.

झोपायच्या आधी लेकीचा कॅमेरा जोडून पाहिला. छान चालतोय. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "झोप आता. सगळं नीट होईल." ती भिंतीकडे वळली.

२३ ऑक्टोबर

हे अजून सहलीवरच आहेत. घरात आम्ही दोघीच.

डावीकडचा गेलाय. कडेला नवा ठिपका.

म्हणजे हे खोटं बोलले! माझी एवढी बोलणी निमूट खाल्ली — तिच्यासाठी!

दुरुस्तीची हत्यारं काढलेली नाहीत. तिचं दार वाजवायला उठतेय. तिला जायचंय का, हे मी कधी विचारलंच नाही.