ताईसाठी रोज एक अध्याय

ताई,

प्रिय लिहिणार नाही. माझं ठरलेलं लग्न तू मोडलंस. नवऱ्या मुलाला म्हणालीस, "ती कधी पवित्र शास्त्र उघडत नाही, तुझं घर काय सांभाळणार?" आणि वर्षाच्या आत तूच त्याच्याशी लग्न केलंस.

त्याच आठवड्यात मी ते शास्त्र वाचायला लागले. भक्तीने नाही, तुझ्यासाठी शाप शोधायला. सकाळी दुकान उघडलं की शिलाई मशीनपाशीच बसायचं, चहा संपेपर्यंत एक अध्याय. शाप भरपूर सापडले, पण तोवर सवय लागली. न वाचता मशीनवर बसले की टाके वाकडे पडायचे.

काल तुझा नवरा दुकानात आला. मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टरांनी हात टेकलेत. तिला आता दिसतही नाही. कुणीतरी शास्त्र वाचून दाखवावं म्हणते. येशील?"

आले. तू तुझं आवडतं स्तोत्र मागितलंस. मी मुद्दाम एकाच पुरुषाला दिलेल्या दोन बहिणींची गोष्ट काढली आणि एकेक शब्द ठासून वाचली. वाटलं, आता रडशील, माफी मागशील. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालीस, "किती छान वाचायला लागलीस गं!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता रोज येणार. तू माफी मागेपर्यंत रोज एक अध्याय ऐकवणार, तोही माझ्या पसंतीचा.

हे पत्र तुला वाचता येणार नाही, म्हणून खरं लिहिते. माफी मागायची घाई करू नकोस.

तुझीच, त्याला इलाज नाही,
धाकटी