तव्याखालच्या नोट्स

१२ जानेवारी
ठरलं. यापुढे स्वरांगीशी तुलना करायची नाही. तुलना न करण्यात तरी मी तिच्या नक्की पुढे जाईन.
व्हिसामुळे माझे पहिले तास बुडाले. स्वरांगी माझ्याच वर्गात, माझ्याच फ्लॅटमध्ये. तिने न मागता त्या तासांच्या नोट्स आणून दिल्या. वाच गं, भारीयेत, म्हणाली. आई-बाबा दोघंही प्रोफेसर असले की असा परोपकार सुचतो. आमच्या घरात मीच पहिली ग्रॅज्युएट. मला मेहेरबानी नको. नोट्स किचनच्या प्रेसमध्ये तव्याखाली ठेवल्या. (कपाटाला इथले आयरिश लोक प्रेस म्हणतात. स्वरांगीही म्हणते. आधी मी म्हणायला लागले.)

२० जानेवारी
जूनच्या परिषदेत आम्हा दोघींपैकी एकीलाच बोलता येणार. विषय : 'जास्त', 'कमी' दाखवणारे जुन्या आयरिशमधले प्रत्यय आले कुठून. जामखेडहून आबांचा फोन. नंबर कितवा? म्हटलं, इथे नंबर नसतात. मग कळतं कसं, म्हणाले. बरोबरच आहे.

२८ जानेवारी, ॲडम्सटाउन स्टेशन
ती वर्गात आयरिश वाचते तेव्हा आमच्या प्रोफेसर बाई 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणतात. मी वाचते तेव्हा 'पुन्हा वाच'. हा मत्सर नाही, निरीक्षण आहे. तिच्यासोबत जायचं नाही म्हणून ट्रेन सोडली. पुढची रद्द झाली.

६ फेब्रुवारी
शोध लागला!! संस्कृतात लघु, लघीयस्. म्हणजे अधिक लहान. जुन्या आयरिशमध्ये 'लगिउ'. अर्थ तोच! दोन्ही प्रत्यय एकाच घरातले. इथे कुणाला सुचणार? स्वरांगीचं शाळेत जर्मन होतं. बिचारी. का हसतेयस, विचारत होती. म्हटलं, घरची आठवण आली.

१६ फेब्रुवारी
सेमिनारमध्ये शोध मांडला. बाई फार प्रेमाने म्हणाल्या, हे शंभरेक वर्षं सगळ्यांना माहीत आहे, मी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. याच्या पुढे काय? पुढचं स्वरांगीकडे होतं. हे प्रत्यय क्रियाविशेषणांत कसे शिरले, यावर ती अर्धा तास बोलली. जूनसाठी निवड तिची.
घरी येताना म्हणाली, अगं, नोट्स वाचल्या नाहीस? तुझं संस्कृत चांगलं, म्हणून तो भाग मी तुझ्यासाठी सोडला होता.
तवा उचलला. पहिल्याच पानावर, तेलाच्या डागाखाली, लघीयस्.
आबांचा फोन आला. दुसरा नंबर आला, सांगितलं. केवढे खूश झाले. शेजारच्या सुभाषकाकांना हाक मारून सांगितलं. मग विचारलं, किती जणांत गं?
रेंज गेली.