दोन टोपल्या पाला

कालव्याखालची वस्ती, राहुरी
ता. ११ फेब्रुवारी १९७१

सौ. लंका हीस सासूचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे हायेत. गाय व्याली, कालवड झाली. तिकडची खुशाली तू कळवणार न्हाईस, ठाऊक हाय.

कार्डं चार हायेत, नंबर घातलेत. पोस्टमनला सांग, नंबरानंच वाच. दर वेळी मी काकासाहेब मास्तरांकडून लिहून घेते. हे मीच लिहिलंय. अक्षराला हसायचं न्हाई.

महिना झाला तुला जाऊन. नवरा दोन शब्द बोलला की माहेराला पळायचं, हे कुणी शिकवलं? कालव्याच्या पाझरानं रान चिबडलं, गहू येईना, म्हणून आसारामनं स्वतः खोदून तळं केलं, मासे वाढवले. ते हाताएवढे मासे सकाळी पोटं वर करून तरंगताना दिसल्यावर माणूस काय ओव्या म्हणेल?

थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे पडले. तू पेंड-कोंड्यात लसूण, हळद नि मूठभर कडुलिंबाचा पाला वाटून गोळे केलेस. "बाप शेरडांना हेच चारतो," म्हणालीस. मी म्हणले, "आता मोहरीची फोडणी पण दे माशांना!" तू हसलीस. "आत्याबाई, खातील तर बघा." खाल्लं मेल्यांनी. पंधरा दिवसांत चट्टे सुकायला लागले.

लागले म्हणजे सुकले न्हाईत. व्यापारी आठ दिवसांवर आलेला, आणि तुझं आपलं रोज एक मूठ, एक मूठ. मला दम न्हाई. शेणखताची एक पाटी टाकली तर एवढं पीक, दोन टाकल्या तर दुप्पट, हे मला कळतं. मूठ कळत न्हाई.

तू बाजाराला गेलेलीस. मी दोन टोपल्या पाला पाट्यावर वाटला नि सरळ तळ्यात ओतला.

झालं. लिहिलं.

सकाळी आसाराम तुझ्यावर ओरडला, "तुझ्या पाल्यानं मारले!" सगळी वस्ती काठावर उभी. मी काय म्हणले? "मी नकोच म्हणत होते." असं म्हणले मी. तेव्हा तू माझ्या हातांकडं बघितलंस. नखं हिरवी होती. मी पदराखाली घेतली, तरी तुला दिसली.

मग बोलली का न्हाईस गं? तोंड शिवलं होतं? "आत्याबाई, हात दाखवा," एवढंच म्हणायचं होतं! सगळ्यांदेखत! तू गप पिशवी भरलीस आणि एसटीत चढायच्या आधी माझ्याच पाया पडलीस. त्याचा लई राग येतो मला. तुझा येतो का माझा, ते आता कळत न्हाई. तेव्हापासून त्या पाट्यावर चटणी वाटली तरी मला कडूच लागते. आसाराम म्हणतो, चांगली झालीय.

थोडे मासे वाचलेत. त्यांना पुन्हा चट्टे आलेत. गोळे मी करते, पण पाल्याचा अंदाज येत न्हाई. मूठ कधी मोठी होते, कधी नुसती चिमूट.

पोस्टात आंतरदेशीय पत्र होतं. चिकटवून धाडता आलं असतं. पण आळ घेतला तो सगळ्या वस्तीपुढं, मग कबुली डिंक लावून कशी धाडू? तुमच्या पोस्टमननं पारावर मोठ्यानं वाचावं. इकडं कार्डं टपालात टाकायला आसारामकडंच देणार हाय. तो वाचल्याशिवाय राहणार न्हाई. वाचू दे.

वाचून तो तुला न्यायला आला तर ये. न्हाई आला तर शनिवारी कर्जतच्या एसटीनं मी येते. तुझ्या आईला जे बोलायचं ते बोलू दे, मी ऐकून घेईन. तू मात्र पाया पडू नकोस.

तळ्यात पाला ओतणारी,
तुझी सासू मालन