करमाडच्या विहिरींची फाईल

३ जुलै २०२४
प्रोग्रॅमिंगची भाषा कुठली शिकवायची, पायथन की आर? आज तिसऱ्यांदा ठरवलं — पायथन. संशोधक मंडळींना दोन दिवसांत शिकवायचं आणि लॅबचं नेट कधी बसेल नेम नाही. म्हणजे ब्राउझरवर चालणारं सगळं बाद. आणि पहिला धडा लूपचा मुळीच नाही! एक्सेलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसांना पहिल्याच तासाला खरी फाईल उघडून दाखवायची, नाहीतर जेवणानंतर अर्धी खोली पसार.

५ जुलै
सरावाला फाईल कुठली? सगळे पुस्तकातली तीच तयार फाईल घेऊन त्या परदेशी फुलांच्या पाकळ्या मोजतात. कंटाळा आलाय मला पाकळ्यांचा. माझ्या नवऱ्याची, श्रीनिवासची घेते. करमाडच्या शिवारात बांध घातल्यावर विहिरींचं पाणी वाढलं का, हे त्यानं सहा वर्षं मोजून घेतलं. सहा पावसाळे पुरे झाल्याशिवाय सरासरी काढायची नाही, हा त्याचा हट्ट! उत्तर आलं, वाढलं नाही. तो जाऊन परवा दीड वर्ष झालं. निदान त्याच्या आकड्यांवर कोणीतरी शिकेल.

८ जुलै
रामकिसनवर धडा करून पाहिला. श्रीनिवासचा शेवटचा विद्यार्थी, देवगाव रंगारीचा. तासाभरात थांबला. "मॅडम, हे बघा. आदल्या आठवड्यात चौदा फूट पाणी, पुढच्यात पंधरा, अन् मधीच शून्य? ऐन श्रावणात विहीर कोरडी कशी व्हईल?"
अशी शून्यं किती तरी. शेवटच्या वर्षांत तर फारच.
"दुसरी फाईल लावा मॅडम. सरांचं नाव खराब व्हईल."
चिडले त्याच्यावर. खरं तर श्रीनिवासवर. चहात साखर मोजून घालणारा माणूस, आणि फाईल ही अशी?

९ जुलै
त्याच्या फोटोकडे पाहिलं नाही आज.

१० जुलै
करमाडला गेले. दर सोमवारी विहिरी मोजायचा तो कडूबा — थकलाय आता. शून्यांचं विचारलं.
"त्या आठवड्यात नाल्याला लई पूर असायचा, बाई. पल्याड जायाचं कसं? मोजलंच नाय. रकाना कोरा सोडला." मग म्हणाला, "वह्या तुमच्याच हाती देल्या व्हत्या की. दवाखान्यात."
हो. माझ्याच हाती. श्रीनिवासला उठून बसवत नव्हतं, म्हणून टाइप मी केलं. कोऱ्या रकान्यांवर प्रोग्रॅम अडत होता. भरून टाकली शून्यं — चालू तर होऊ दे, नंतर बघू! नंतर कोण बघतंय? आलेख काढून त्याच्यासमोर धरला. रेघ खाली उतरलेली. त्यानं ती बोटानं शेवटपर्यंत गिरवली.
"म्हणजे बांध फुकटच गेले, पद्मा."
आणि मी त्याची समजूत घालत बसले! लाज वाटते. रडून झालं, तरी वाटते.

११ जुलै
धडा तोच, फाईल तीच. पहिल्या ओळीत लिहिलं — शून्यं भरणारी : पद्मजा. रामकिसनला कळवलं. "नाव कशाला मॅडम?" म्हणाला. "सरांच्या नावावरचा डाग पुसायला," म्हटलं.

१२ जुलै
शून्यं काढून आलेख पुन्हा काढला. पाणी वाढत होतं — दरवर्षी. मी त्याला उलटं सांगून पाठवलं.