मिठागराची पानं

ऋतुराज,

कॉम्प्युटरला हात लावू नकोस. लावलास तरी चालू होणार नाही, त्याची वायर मी पिशवीत घालून नेते आहे.

काल तू कॉम्प्युटरवर ती नवी लिनक्स सिस्टिम टाकताना डिस्कमधला माझा भाग पुसलास आणि तुझ्या भागाला जोडलास. वर म्हणे, "आजी, मला वाटलं रिकामा आहे!" अरे, मी दहा पावलांवर स्वयंपाकघरात होते. विचारायला तोंड नव्हतं? साठीला अक्षरं शिकले, दोन वर्षं एका बोटाने मिठागराच्या आठवणी लिहिल्या, आणि तू म्हणतोस, "पुन्हा टाइप कर ना, त्यात काय!"

दुरुस्तीवाल्या साईनाथला फोन केला. तो म्हणाला, दोन भागांमधला बांध तेवढा मोडलाय, लिहिलेलं अजून आत असेल, पण त्यावर नवीन काही उतरलं तर संपलं. बांध फुटल्यावर मिठावर पाणी सोडायचं नाही, हे मिठागरात राबलेल्या तुझ्या आजोबांना शिकवावं लागलं नव्हतं.

साईनाथला आणायला ठाकुर्लीला चालले आहे.

टोपात सुकटीचं कालवण आहे. झाकण दिसलं म्हणून रिकामा समजून टोप घासायला टाकू नकोस.

आजी