दोन पॉइंट उजळ

३ जानेवारी, सकाळी ७.००
नव्या वर्षाची सुरुवात दोन दिवस उशिरा, कारण पेन सापडत नव्हतं. संकल्प. एक, रोज डायरी. फक्त स्वतःसाठी, तेव्हा खरं लिहायचं. दोन, दुसऱ्याचं चांगलं झालं तर पोटात दुखू द्यायचं नाही. तीन, ॲनिमेशन कंपनीत एकोणीस वर्षं पात्रांची कातडी रंगवतोय, यंदा पडद्यावर नाव एकट्याचं, मोठ्या अक्षरात. तिसरा जमला की दुसरा आपोआप जमेल.

६ जानेवारी
मोठी मीटिंग. नवा सिनेमा, सहकुटुंब बघण्याचा. नायिका काळी. आई, भाऊ, आजोबा, सगळं खानदान काळं. डायरेक्टरबाई (वय चौतीस, म्हणजे माझ्या नोकरीपेक्षा पंधराच वर्षांनी मोठ्या) म्हणाल्या, आजवर आपल्या सिनेमात काळा माणूस आला तो चोर म्हणून, नाहीतर दहाव्या मिनिटाला त्याचं गाढव तरी झालं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या तक्त्यात कातडीचे बारा नंबर आहेत, एक सगळ्यात गोरा. अकरा आणि बारा मी आजवर चोर, समुद्री डाकू आणि गर्दीतली शेवटची रांग यांनाच दिलेत. हुकूम वरून यायचा, बोट फक्त माझं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

गोष्ट अशी. एक बाई बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसते. लोकांना छत्र्या, चष्मे, कवळ्या परत देते. एक दिवस तिला वाटतं, आपण स्वतः कशासाठी जन्मलो ते काही सापडलं नाही, आणि ती शोधायला निघते. मीटिंग संपताना सगळ्यांना एकेक कागद वाटला. तुम्ही कशासाठी जन्मलात? शुक्रवारपर्यंत लिहून द्या. एका कागदात माझं भागणार नव्हतं. तेरा जादा मागून घेतले.

८ जानेवारी
नोटीस लागली. काळ्या कातडीवर उजेड कसा पडतो ते बघायला माणसं हवीत, इच्छुकांनी नाव द्यावं. आयुष्यभर मी गव्हाळ आहे, लग्नाच्या माहितीपत्रकातही तसंच छापलं होतं. पण कलेसाठी सावळा व्हायला तयार आहे. घरी सांगितलं. कन्या (वय सतरा, जिभेला हाड नाही) म्हणाली, बाबा, तुम्ही काळेच आहात, सही करून टाका. ही काही बोलली नाही. आमची ही कधीच काही बोलत नाही. दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते, तिथे बोलून घेत असेल.

तयारी म्हणून क्रीम बंद. ते गोरेपणाचं नाही, कोरड्या त्वचेचं आहे. डबीवर काय लिहिलंय त्याला मी काय करू?

१२ जानेवारी
तीन दिवस गच्चीत उन्हात बसलो. नाक सोललं. खालून गुलाबी निघालं. डायरेक्टरबाई म्हणाल्या, बरं वाटत नाही का, घरी जा.

कागद दिला. चौदा पानं. अनुक्रमणिका जोडली आहे.

१८ जानेवारी, रविवार
हॉलमधला लग्नाचा फोटो पुसला. नेहमी हीच पुसते, पण वर न बघता, खुर्चीचे पाय पुसावेत तशी. वास्तविक माझ्या हातची ती सगळ्यात सुंदर कामगिरी. नोकरी लागली त्याच आठवड्यात कंपनीच्या मशीनवर केली होती. तिला दोन पॉइंट उजळ, मग आणखी दोन, करता करता अकरा. मला चौदा, कारण नवरा शोभला पाहिजे. तिच्या गालावर डाग होता तोही काढला. तेव्हापासून हाताला सवयच लागली. चेहरा समोर आला की दोन पॉइंट वर. लोकांना बरं वाटतं, आपलं काय जातं? हिच्या रंगाबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. उलट मी पुष्कळदा सांगतो की मी चकार शब्द काढला नाही.

२५ जानेवारी
ऑफिसात सहकुटुंब चहा. हिला नेलं. हीच ती चूक.

डायरेक्टरबाई हिच्याकडे बघतच राहिल्या. खिडकीपाशी उभं केलं, मग दिव्याखाली, मग परत खिडकीपाशी. म्हणाल्या, हसा. ही हसली. म्हणाल्या, असा उजेड आम्हाला सहा महिने सापडत नव्हता. मी शेजारीच उभा होतो, सोललेल्या नाकासकट. मला म्हणाल्या, जरा बाजूला होता का, सावली पडतेय.

मग हिला विचारलं, तुम्ही कशासाठी जन्मलात? ही म्हणाली, अजून ठरवलं नाही हो, आधी मुलीची परीक्षा होऊ दे. सगळे पोट धरून हसले. डायरेक्टरबाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

माझ्या चौदा पानांबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही. बहुधा काळजीपूर्वक वाचताहेत.

२ फेब्रुवारी
हिला मंगळवार-शुक्रवार स्टुडिओत बोलावणं. चालणं, बसणं, केस बांधणं, सगळ्याचं शूटिंग करून त्यावरून नायिका काढणार. मानधन आहे. गाडी आहे. मी बसनं जातो.

मला हेवा वाटत नाही. मी फक्त नोंद करतोय की मी बसनं जातो.

१० फेब्रुवारी
गाडीवाल्यानं आज मला विचारलं, तुम्ही मॅडमचे कोण?

४ मार्च
जेवताना ही बोलत होती. पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. कातडीत निळा कुठे असतो, तांबूस कुठे, कोपरावर रंग कसा बदलतो. एकोणीस वर्षं मी हेच काम करतोय आणि मला शिकवतेय. मी म्हणालो, जेवताना कामाच्या गोष्टी नकोत. ती गप्प झाली. मग कन्येनं विचारलं आणि पुन्हा पंचवीस मिनिटं.

जळतं. लिहून टाकलं. डायरी खरी असावी म्हणून फक्त.

१३ मार्च
डायरेक्टरबाईंना नायिकेच्या तरुणपणासाठी हिचा जुना फोटो हवाय. लग्नाचा नेला. त्यांनी बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, मूळ फोटो आणा, हात न लावलेला. ही तिथेच होती. म्हणाली, मूळ आहे तुमच्याकडे? मला वाटलं होतं तो गेलाच. त्या वयातला माझा तेवढा एकच आहे हो, माहेरचे सगळे फोटो पुरात गेले. शोधाल?

मी म्हणालो, ट्रंकेत असणार. शोधतो की.

घरी येईपर्यंत तिनं तीनदा विचारलं. बावीस वर्षांत हिनं माझ्याकडे इतक्या आशेनं बघितल्याचं आठवत नाही.

मूळ फोटो मी फाडून टाकला होता. चांगला झाल्यावर वाईट कशाला ठेवायचा? संकल्प : येत्या रविवारी काहीतरी करणे.

९ एप्रिल
चार रविवार झाले. रविवारी माणसानं विश्रांती घ्यावी.

१६ एप्रिल
आज हिची आणि डायरेक्टरबाईंची मीटिंग, हिच्या गालावरच्या तिळाविषयी. तो डाग नाही, तीळ आहे असं आता सर्वानुमते ठरलंय. नायिकेला द्यायचा का, कसा द्यायचा. तिळावर एक तास! आख्खं खातं हजर. मलाही बोलावलं होतं. गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. बायकोच्या तिळाची माहिती नवऱ्यानं परक्यांकडून घ्यायची का?

कॅन्टीनमध्ये एकटाच बसलो. सँडविच शिळं होतं.

२७ जून
कामाचा डोंगर. सिनेमाचे आठ भाग, ओळीनं एकेक माझ्याकडे येतो, मागच्या भागाचा रंग पुढे घेऊन. नायिकेला नंबर अकरा. मी मन लावून काम करतोय. हिचा राग कामावर काढणारा मी नाही. उलट प्रत्येक वेळी फाइल उघडली की चेहऱ्यावर मायेनं हात फिरवतो. नाव एकट्याचं येणार, यात आता शंका नाही.

१५ ऑगस्ट, दुपारी ४.००
स्टाफ आणि मुलाबाळांसाठी पहिला खेळ. ही दुसऱ्या रांगेत, डायरेक्टरबाईंच्या शेजारी. मी नवव्या रांगेत, खांबामागे.

सिनेमा छान. बाई डेपोतून निघते, गावोगाव फिरते, शेवटी खिडकीवर परत येते आणि म्हणते, अजून ठरवलं नाही, आधी मुलीची परीक्षा होऊ दे. चहाच्या दिवशीचं हिचं वाक्य आणि दोनशे लोक टाळ्या वाजवताहेत. मी नाही वाजवल्या. हात दुखत होता.

दिवे लागले. डायरेक्टरबाईंची सहा वर्षांची मुलगी मोठ्यानं म्हणाली, आई, पहिली बाई हरवली का?

कोणती पहिली, सगळे विचारायला लागले. ती म्हणाली, ती काळी होती ना, ती. ही तर दुसरीच आलीय खिडकीत. तिला कुणी शोधलंच नाही.

मग पहिला आणि आठवा भाग शेजारी शेजारी लावले. पहिल्यात नंबर अकरा. आठव्यात जेमतेम पाच. मधे पायरी पायरीनं उजळत गेलेली. ती बाई आयुष्याचा अर्थ शोधत होती आणि मी तिला दर भेटीत दोन पॉइंट वर नेत होतो.

मी म्हणालो, मशीन जुनं आहे.

ही मागे वळली आणि पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीचं काहीतरी दिसल्यासारखं.

१८ ऑगस्ट
मला त्वचेवरून काढून फर्निचरवर टाकलंय. खुर्च्या, कपाटं, भांडी. बढतीच म्हणायची, कारण खुर्च्यांना भावना नसतात आणि काम शांततेत होतं.

माझ्या जागी कोण? ही. मशीन चालवायला दुसरा आहे, पण खुर्चीत ही. पडद्याला स्वतःचा हात लावून बघते आणि सांगते, अजून खाली, अजून, हां, थांबा. माझ्या खुर्चीची उंची तिनं बदलून घेतली. काचेतून दिसतं. मी बघत नाही, फक्त कपाटाचा रंग जुळवायला त्या बाजूला उजेड चांगला आहे.

२ नोव्हेंबर
सिनेमा लागला. गर्दी. शेवटी नावं. हिचं नाव एकटीचं, मोठ्या अक्षरात, पडदाभर. माझा तिसरा संकल्प पूर्ण झाला, फक्त शेजारच्या खुर्चीवर झाला. कन्या शिट्टी वाजवत होती.

माझं नाव ‘खुर्च्या, कपाटं, भांडी’खाली, सात जणांत सहावं. नेमका तेव्हाच एक टोपीवाला समोरून गेला.

परतताना ही म्हणाली, मोठा पडदा झाला, आता माझा तो फोटो तेवढा द्या. सापडला ना?

मी म्हणालो, सापडल्यातच जमा आहे.

१९ नोव्हेंबर
ही चार दिवस बाहेरगावी, सिनेमाच्या प्रचाराला. सुवर्णसंधी. मूळ फोटो मी तयार करणार. वर नेता येतं तर खाली आणता येणारच.

अकरा पॉइंट खाली ओढला. रंग आला. चेहरा काही आला नाही. गालाची गोलाई, डोळ्यांखालची सावली, सगळं मी तेव्हा पुसलेलं, खाली काहीच शिल्लक नव्हतं. अंदाजानं भरलं. बरी दिसते.

राहता राहिला तीळ. कोणत्या गालावर?

डोळे मिटून आठवलं. दोन्हीकडे दिसतो. फोनमध्ये हिचे दोनशे फोटो आहेत, पण सगळे मी सुधारलेले, तीळ एकातही नाही. कन्येला विचारावं तर ती तिथल्या तिथे आईला फोन लावेल.

२० नोव्हेंबर, सकाळी ६.३०
बस स्टॉपवर सिनेमाचं मोठं पोस्टर आहे. जाऊन नीट बघून आलो. नायिकेचा डावा गाल. तिचा डावा. तिथे पेपर विकणारा म्हणाला, काका, रोज येता का हिला बघायला? मी म्हणालो, माझी बायको आहे. तो हसला.

तीळ दिला. छापला. चहाच्या पाण्यात बुडवून कडा जुन्या केल्या. एकोणीस वर्षांचा अनुभव असा कामी येतो.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००
ही आली. बॅग ठेवायच्या आत फोटो हातात दिला. म्हणालो, ट्रंकेच्या तळाशी होता.

दिव्याखाली धरून बराच वेळ बघत होती. डोळे भरल्यासारखे वाटले. मलाही क्षणभर वाटलं की तो खरंच ट्रंकेत होता.

मग म्हणाली, तीळ कुठून आणलात?

मी म्हणालो, तुझाच आहे.

म्हणाली, माझा उजवीकडे आहे. डावीकडचा सिनेमातल्या बाईचा. मीच सांगितलं होतं त्या मीटिंगमध्ये, की ती माझ्यासारखी असू दे, पण मी नको, तीळ दुसऱ्या बाजूला द्या. आख्ख्या स्टुडिओला माहीत आहे. तुम्हालाही बोलावलं होतं त्या दिवशी.

मी म्हणालो, सँडविच खात होतो. का म्हणालो कुणास ठाऊक.

तिनं विचारलं, मूळचा फाडला ना? मी हो म्हणालो. या वर्षात डायरीच्या बाहेर पहिल्यांदा खरं बोललो. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, बावीस वर्षं समोर बसून जेवताय. मग खुर्चीवर चढून भिंतीवरचा फोटो काढला, नवा त्यावर पालथा ठेवला आणि दोन्ही कपाटात टाकले. कपाटाचा रंग मला तेव्हा पहिल्यांदा फिका वाटला.

२४ नोव्हेंबर, सकाळी ८.२०
संकल्प : आजपासून रोज सकाळी सात वाजता हिच्याकडे दहा मिनिटं नीट बघायचं. काही न सुधारता.

जाग आली तेव्हा आठ वाजले होते. ही साडेसातलाच गेली. पुढच्या सिनेमाचं काम सुरू झालंय म्हणे, कन्येकडून कळलं. भिंतीवर खिळा तेवढा आहे.

उजवा गाल. तिचा उजवा, म्हणजे ती समोर बसली की माझ्या डाव्या हाताला. लिहून ठेवतो.