चौकीची पलटण

३ मार्च
कोर्स संपवून परत. पंधरा दिवस लष्करी छावणीत काढले. आता चौकीकडे बघवत नाही. हवालदार 'पोटोबा' खुर्चीत, टोपी टेबलावर, टोपीशेजारी चहा. याला काय फोर्स म्हणायचं? 'फौजदार' या शब्दातच फौज आहे, हे आजवर एकाच्याही टाळक्यात शिरलेलं नाही. संकल्प : महिनाभरात या खोगीरभरतीची पलटण करायची. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी ते बूट बाहेर काढा. सिव्हिलियन!

४ मार्च, पहाटे
पहिली फॉल-इन. निम्मे हजर, बाकीच्यांच्या पोटात दुखतंय. पोटोबाचा नवा पट्टा लागेना, सुतळीने बांधला. हवालदारबाईंनी विचारलं, आपण सगळे मैदानात, तर तक्रार कोण लिहून घेणार? मी म्हणालो, शत्रू तक्रार घेऊन येत नसतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भारावले असावेत.

९ मार्च
दारात वाळूची पोती रचली. यापुढे वस्तीला 'सेक्टर' म्हणायचं, लोकांना 'सिव्हिलियन', चहाला 'रीग्रुपिंग'. पाकीट हरवलं म्हणून एक आजी आल्या होत्या. पोती ओलांडता येईनात, माझ्या नावाने बोटं मोडत परत गेल्या. तक्रारी झपाट्याने कमी होताहेत. दरारा म्हणतात तो हाच.

१३ मार्च
मुख्यालयाकडून चिलखती गाडी मिळवली! ड्रायव्हर म्हणतो, ही आपल्या गल्ल्यांत शिरायची नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

१६ मार्च
पक्की खबर : मोबाइलचोर बेकरीमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. उद्या 'ऑपरेशन गरुडझेप'. वाळूत नकाशा काढून समजावलं. हवालदारबाई म्हणाल्या, साहेब, मी साध्या कपड्यांत जाऊन आधी दार वाजवून बघते ना. दार वाजवून! यांना धाड घालायचीय की हळदीकुंकवाला जायचंय?

१७ मार्च
गरुडझेप पार पडली. एका दणक्यात दार आडवं. आत एक निवृत्त मास्तर, अर्धी दाढी केलेले, आणि त्यांची बायको. आवाजाने समोरच्या खोलीतून दोन पोरं बाहेर आली. मी गरजलो, सिव्हिलियन, खाली चला! 'येस सर' म्हणून दोघं निमूट उतरून गेली. इतकी शिस्तीची पोरं या वस्तीत प्रथमच पाहिली.

दुपारी. चोर म्हणजे ती दोन पोरंच होती. खबऱ्याने डावं-उजवं नीट सांगायला नको?

शिवाय मास्तरांच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स आत येईना, कारण आमची गाडी गल्लीच्या तोंडात बुचासारखी बसलेली. पोटोबाने ढाल-हेल्मेट फेकलं, मास्तरांना पाठुंगळीला घेतलं, आणि धापा टाकत गाडीच्या बॉनेटवरून पलीकडे उतरवलं. माझी ऑर्डर नसताना! सरकारी सामान फेकल्याबद्दल त्याला मेमो द्यायचा आहे.

१८ मार्च
मास्तर बचावले. हॉस्पिटलात भेटायला गेलो, पूर्ण गणवेशात. धाडीत सरप्राइज का लागतं, ते त्यांच्या बायकोला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो, दार वाजवलं असतंत तर उघडलं असतं आम्ही.

सॅल्यूट ठोकून निघालो. मेमो राहू दे.

२५ मार्च
बदली! पोलीस बँडपथकाचा प्रभारी. मी अजून खुर्चीत असतानाच पोटोबाने पोती हलवायला घेतली. असो. गणवेश, कूच, कडक शिस्त : खरं लष्कर तिथेच आहे. वरिष्ठांनी अखेर माझी पारख केली.

२८ मार्च
पहिली तालीम. सर्वांत पुढे मी, छाती काढून. मैदानाचा अर्धा फेरा झाला आणि बँडमास्तरने वाजवणं थांबवलं. जवळ येऊन हळूच म्हणाला, साहेब, राग मानू नका, पण तुमचा पाय तालात पडत नाही. तुमच्याकडे बघून मागचे सगळे चुकताहेत. जरा बाजूला बसता का?

बाकावर बसलोय. आता सगळे झकास चालताहेत.